चढावर सरळ झालेला बांबू

असले अनुभव सांगणाऱ्यांना मी आजवर हसत आलो. मी पातूरचा, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. किती वजन घेऊन गाडी कुठल्या गिअरमध्ये चढेल, एवढंच मला कळतं. म्हणून हे लिहायला लाज वाटते... लाजेचं कारण आणखीही आहे.

माझी ड्यूटी मेळघाटात, धारणीच्या पुढे. दिवाळीनंतरची दुपार होती. दरीतल्या कोरकू ढाण्यावरून, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीवरून, बाबूलालचा फोन आला — त्याच्या बायकोला, फुलवंतीला कळा सुरू झाल्यात, रक्त जातंय. मी म्हणालो, "खाली गाडी येत नाही. वर डांबरीपर्यंत आणा." पावसाळ्यात त्या उतारावर गाडी फसली होती, मला मेमो मिळाला होता. आता वाट कशी आहे, हे मी उतरून पाहिलंसुद्धा नाही.

बाबूलाल आणि त्याचा भाऊ बांबूला घोंगडीची झोळी बांधून तिला घेऊन निघाले. अर्ध्या चढावर भावाचा पाय मुरगळला. मी वर गाडीला टेकून उभा.

बाबूलाल खालून ओरडला, "ओ ड्रायव्हरभाऊ! तमाशा पाहून राहिले का? या न खाली!"

उतरलो. वाटेत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दिसल्या... ताज्या, कोरड्या. गाडी आरामात आली असती.

मागचं टोक खांद्यावर घेतलं. बांबू मधोमध वाकलेला, घोंगडी भिजून लाल. थोड्याच वेळात मला भार पेलेना. आता मी पडणार, ती पडणार... आणि वजन गेलं.

वाटलं, फुलवंती झोळीतून निसटली! पाहतो तर ती झोळीतच. पण बांबू सरळ झाला होता. नुसती काठी खांद्यावर असावी, तेवढाच भार.

बाबूलालनं वळून पाहिलं. "भाऊ, तुमी वर उचललं का?"

फुलवंती आतून कोरकूत काहीतरी बोलली. बाबूलालनं मला सांगितलं — "म्हणते, मले खाली काहून ठेवलं?"

लख्ख ऊन होतं. आसपास कोणी नव्हतं. आम्ही चालत राहिलो, दमसुद्धा लागला नाही. डांबरीवर पाय पडला आणि बांबू करकरत पुन्हा वाकला.

मुलगी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या.

घाबरल्यावर अंगात जोर येतो म्हणतात. येत असेल. पण त्यानं बांबू सरळ होतो का?

बाबूलाल ढाणाभर सांगतो, ड्रायव्हरभाऊनं पेललं. भेटला की लेकीला माझ्या मांडीवर ठेवतो. गाडी खाली येत होती, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. आणि त्या चढावर तिला कोणी उचललं, ते मला माहीत नाही. मी नव्हतो... एवढंच.