उडत्या तबकड्यांनी खाल्लेली सुट्टी

फौजेची जीप चालवली की किस्से साचतात, चाकाला चिखल लागतो तसे. लोक ऐकून हसतात. मला अजून राग येतो.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. नवे साहेब, नवे फोन! आकाशात काही चमकलं की उडत्या तबकडीची तक्रार थेट आमच्या छावणीत. तपासाला कॅप्टनसाहेब. गावातल्या गल्ल्या मला पाठ, म्हणून ड्रायव्हर मीच. घरी मुलीचं लग्न ठरलेलं, आणि प्रत्येक तक्रारीला माझी सुट्टी रद्द!

*

चौबे कॉलोनीतले एक बडे अधिकारी. पहाटे फिरायला निघाले की एक दिवा त्यांचा पाठलाग करतो म्हणे. कॅप्टनसाहेबांनी वर पाहिलं.

"सर, ही शुक्राची चांदणी आहे."

"तुम्ही ऑफिसर आहात की ज्योतिषी?"

त्या दिवशी मी साखरपुड्याच्या खरेदीला जाणार होतो. बायको एकटी गेली.

*

ब्राह्मणपारा मोहल्ल्यात एका अंगणात पांढरी पेटी पडली, सोबत फाटका फुगा. हवामान मोजायला सोडतात तो! आम्ही पोचेपर्यंत बायकांनी पेटीला हळदकुंकू वाहिलं होतं. दर्शनाला रांग!

"आजी, पेटी द्या," साहेब म्हणाले.

"हव, न्या ना. पण पहिले नारळ फोडा!"

फौजेच्या कॅप्टनने नारळ फोडला. प्रसाद मला वाटायला लावला! तिकडे माझ्या घरी व्याही येऊन बसले होते.

*

मग एका सरकारी ऑफिसातून फोन. शहराबाहेर हवेत लाल दिवा लटकलाय. गेलो. नवी इमारत, वर क्रेन, क्रेनच्या टोकाला दिवा.

"परमिशन किसने दी?" साहेबांनी विचारलं.

मुकादम हसला. "जिन्होंने फोन किया ना साहब, उन्हीं के ऑफिस ने!"

संध्याकाळी बायकोने फोनवर सुनावलं, "लग्नाचं सारं मी एकटीच करून राहिली. तुम्ही चांदण्या मोजा!"

मी फोन ठेवला आणि सुट्टी मागायला साहेबांकडे गेलो.

*

लग्नाच्या दिवसाची सुट्टी मात्र मी साहेबांकडून कबूल करून घेतली होती. गोरज मुहूर्त होता. अंघोळ करून छावणीच्या फाटकाशी आलो, तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. समता कॉलोनीच्या ढगांत पांढरा प्रकाश गरगर फिरतोय!

"साहेब, आज पोरीचं लग्न आहे."

"हॉल कुठे?"

"समता कॉलोनीतच."

"मग वाटेवरच आहे. चल!"

पोचलो. हॉलच्या गच्चीवर एक भला मोठा लाइट फिरत होता. हॉल आमचाच. हा लाइट ठरवल्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कधी? मी घरी होतो कुठे!

साहेब जीपमधले जवान घेऊन आत शिरले. हुकूम नसताना ड्रायव्हर जीप सोडत नाही. मी स्टेअरिंग धरून बसून राहिलो. आतली सनई थांबली. साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत आला.

"लाइट बंद करा! मालक कोण आहे इथला?"

बायको शालू सावरत तरातरा फाटकात आली. मागोमाग साहेब.

"मालक? ते काय, तुमच्याच जीपमधी बसून राहिले! उतरवा त्यायले, कन्यादान खोळंबलं आहे!"