लाकडावरचं सारवण

दशरथ मेस्त्री विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये कामाला होता. आता पॅटर्न म्हणजे काय, तर जो भाग लोखंडाचा ओतायचा तो आधी हुबेहूब लाकडात करायचा. ते लाकूड वाळूत दाबायचं, अलगद उचलायचं आणि मागे राहिलेल्या पोकळीत तापलेला रस ओतायचा. लोखंड मग आगबोटीत बसून कुठल्या कुठे जातं, आणि लाकूड बिचारं फळीवर धूळ खात पडतं. पंचवीस वर्षं दशरथने असं कुणाच्या नजरेस न पडणारं लाकूड तासलं. स्वतःच्या घरात त्याच्या हातचं म्हणाल तर एक पोळपाट, आणि तोही प्रेमाने, म्हणजे त्याच्या बायकोने, तीन वर्षं टोमणे मारल्यावर झालेला.

पंच्याऐंशीच्या दिवाळीत त्याने मुलुंडला घर घेतलं. हॉल, स्वयंपाकघर आणि आत झोपायची एक खोली. त्याच वर्षी वडील गेले होते आणि कुडाळकडच्या घरात आई, सोनूबाई, एकटी उरली होती. दशरथ जाऊन तिला घेऊन आला. ती आली खरी, पण उंबऱ्यात बोचकं ठेवतानाच तिने सांगून टाकलं, "शिमग्यापर्यंत रवतंय. मगे माका पोचव, आणि परत हाडू नको."

आईने कायमचं आपल्याकडे राहावं, एवढंच दशरथच्या मनात होतं. गावी तिला वेळेला पेज करून द्यायलाही कुणी नव्हतं. पण हट्टाने राहील अशी ती बाई नव्हे, आणि हट्टाने ठेवील असा तो मुलगा नव्हे. तेव्हा तो मनात म्हणाला, शिमग्याला चार महिने आहेत. तेवढ्यात तिला घर आवडायला हवं.

आतली खोली तिला आणि नात नीलाला दिली. म्हातारी पलंगावर झोपायची नाही. सगळा जन्म चटईवर गेला, तर आता उंचावरून खाली बघत झोप कशी लागणार, असं तिचं म्हणणं. पण खाली होती मोझॅकची लादी. मुलुंडला डोंगर जवळ, डिसेंबरात पहाटे लादी अशी गार पडे की सोनूबाईचे गुडघे सकाळी दहापर्यंत ऐकत नसत. खोलीत खाली काहीतरी घालायला हवं, यावर नवराबायकोचं एकमत झालं. काय घालायचं यावर मात्र झालं नाही.

प्रेमाला कार्पेट हवं होतं. घाटकोपरला एका बारशाला गेली असताना तिने ते एकीच्या बेडरूममध्ये पाहिलं होतं. पाय ठेवला की कापसात ठेवल्यासारखा, असं ती येईल त्याला सांगे. दशरथच्या मनात लाकूड. जुन्या सागासारखी ऊब कशाला नाही, हे त्याचं पालुपद. यावर प्रेमाने विचारलं की माळ्यावर झोपायचं तर मुलुंडला घर कशाला घेतलं, कुडाळचाच लाकडी माळा काय वाईट होता? कार्पेट आलं.

डाळिंबी रंगाचं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दुकानदार कडेने खिळे मारून देतो म्हणाला, पण नव्या लादीत भोकं पाडायला दशरथ तयार झाला नाही. तिथेच घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमा चहा घेऊन आत गेली तर कार्पेटची वळकटी होऊन कपाटाला टेकून उभी, आणि सोनूबाई उघड्या लादीवर बसलेली. केर काढायचा असेल म्हणून प्रेमाने ते पुन्हा पसरलं. तिसऱ्या दिवशी वळकटी. चौथ्या दिवशी वळकटी. शेवटी प्रेमाने विचारलंच.

"दिवसाढवळ्या हातरूण पसरून ठेवलंस ता," सोनूबाई म्हणाली, "घरात कोण आजारी आसा?"

तिच्या गावी दिवसा अंथरूण दिसलं की शेजारीण दारातूनच विचारी, काय झालं गो? दुखणाईत नाहीतर बाळंतीण, या दोघींखेरीज दिवसा कुणाचं अंथरूण पसरलेलं राहत नसे. ठेवलं, तर दुखण्याला आवतण दिल्यासारखं. हे अंथरूण नव्हे, ही जमीनच आहे असं समजा, असं प्रेमाने परोपरीने समजावलं. म्हातारीने तळहाताने कार्पेट चाचपलं.

"मऊ आसा मां? मग हातरूणच."

पंधरा दिवस हे चाललं. सून पसरी, सासू गुंडाळी. ते जाड धूड गुंडाळता गुंडाळता सोनूबाईचे गुडघे होते त्याहून दुखायला लागले, तेव्हा प्रेमाच म्हणाली, "अहो, घाला तुमचा माळा." कार्पेट कापून हॉलमध्ये टीव्हीसमोर आलं. तिथे सोनूबाईची हरकत नव्हती. तिथे पाहुणे बसतात, म्हणजे ते जाजम झालं.

दशरथला हेच हवं होतं. रे रोडच्या लाकूडबाजारातून कुठल्याशा मोडलेल्या इमारतीचा जुना साग त्याने निवडून आणला. पट्टीन् पट्टी रंधली, खाली आधाराला लाकडी रिपा घातल्या, आणि एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत अशी बसवली की मधे पत्त्याचं पान जाऊ नये. शॉपमधला लवू दोन रविवार मदतीला आला होता. तो वैतागून म्हणाला, "दशरथा, यावरून माणसं चालणार आहेत रे. तू तर देव्हारा करायला निघालास." दशरथ हसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं लाकूड उजेडात राहणार होतं.

सोनूबाई दोन्ही रविवार दारात बसून बघत होती. नव्या जमिनीवर पहिल्या रात्री झोपली आणि सकाळी उठून भिंतीला न धरता मोरीपर्यंत गेली. नीलाने ही बातमी धावत हॉलमध्ये आणली. दशरथची छाती दोन इंच फुगली.

आणि संक्रांतीला, हातात तिळगूळ ठेवता ठेवता, आई म्हणाली, "शिमग्याक किती दिवस रवले रे?"

दशरथचा चेहरा उतरला. मग कार्पेट आणण्याआधी विचारायला हवं होतं ते त्याने आता विचारलं. आईजवळ बसला आणि म्हणाला, "आये, इथे तुका कमी काय पडता?"

म्हातारीने दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले. आयुष्यभर शेण कालवून कालवून झालेले हात ते. दोन महिन्यांत मऊ पडले होते.

"जमीन तशीच रवता," ती म्हणाली. "आज हात लावलंय नाय, तरी तशीच. ह्या घरात माझ्या हाताक कामच नाय, झिला."

आता दशरथचा लौकिक असा की सुताएवढा फरक तो सोडायचा नाही, आणि खोटं बोलायचा तर मुळीच नाही. पण त्या दिवशी तो धडधडीत खोटं बोलला. म्हणाला, सागाला दर पंधरा दिवसांनी अळशीच्या तेलाचा हात लागतो, नाहीतर तो उकलतो. मीच करणार होतो, पण कारखान्यातून वेळ कुठे मिळतो. वर्षातून एकदा तेल दिलं तरी त्या सागाला पुष्कळ झालं असतं. प्रेमाला ते ठाऊक होतं. ती दारात उभी राहून ऐकत होती, आणि तशीच पिशवी घेऊन अळशीचं तेल आणायला निघाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कामावरून आला तर खोलीत तेलाचा वास भरलेला. सोनूबाईने पदर खोचून, नीलाला बाहेर घालवून, सगळी खोली एकटीने केली होती. आणि केली होती ती कशी? सारवतात तशी. कोपऱ्यापासून सुरुवात करून, हात पोचेल तेवढा अर्धा गोल, त्याला लागून दुसरा, मग तिसरा, मागे सरकत सरकत थेट दारापर्यंत. लाकडाच्या सरळ रेघांवर आडवेतिडवे अर्धे चंद्र उमटले होते.

सुताराच्या धंद्यात हे पाप. हात फिरवायचा तो लाकडाच्या रेघेने. एकदा कारखान्यातल्या मोठ्या साहेबाने हौसेने पॅटर्नवर पॉलिश पेपर आडवा फिरवला, तेव्हा दशरथने साहेबाच्या हातातून कागद काढून घेतला होता, आणि सगळं शॉप श्वास रोखून उभं होतं. प्रेमा आता तशीच त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बरा झाला?" सोनूबाईने विचारलं.

दशरथ खाली वाकला. एका अर्ध्या गोलावरून बोट फिरवलं.

"झकास झाला, आये."

पंधरा दिवसांनी पुन्हा तेल, त्यानंतर पुन्हा. दर खेपेला गोल जरा अधिक सुबक. मधल्या दिवसांत सोनूबाई जमिनीवरून नुसताच हात फिरवी, कुठे कोरडं पडलंय का बघे आणि नीलाला ओले पाय घेऊन आत येऊ देत नसे. शेजारच्या बायका बघायला आल्या, तर त्यांना म्हणाली की झिलाने लाकूड घातलं ते ठीक, पण राखलं मी.

शिमगा आला. गावी जायला हवंच होतं. देवाची पालखी दारात येणार, आणि दार बंद ठेवून कसं चालेल? दशरथने एसटीचं तिकीट काढलं, एकाच बाजूचं, कारण आईचं सांगणं तेच होतं. निघायच्या दिवशी सोनूबाईने बोचकं बांधलं, आतल्या खोलीवरून एकदा नजर फिरवली आणि सुनेला हाक मारली.

"प्रेमा गो, मी दोन आठवड्यांत येतंय. तवसर तेल तू लावू नको. तुझो हात सरळ जाता."