करवतकाठीचे तुकडे

१९९९ साली दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली, त्या दिवशी आमच्या शेजारच्या भूमितीच्या बाईंनी नववीच्या वर्गात स्वतःच्या लग्नातल्या करवतकाठी साडीचा, करवतीसारख्या दातांचा काठ कात्रीने कापला आणि प्रत्येक बाकावर एक तुकडा दिला.

आचोळ्याला आम्ही एकाच मजल्यावर राहत होतो. मी एका साप्ताहिकाचा वार्ताहर. बाईंना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. चहा दारातच, उभ्याने, पायात चपला. पर्समध्ये चौकोनी आरसा. खिडकीची जाळी असो की रांगोळी, तळहात ठेवून म्हणायच्या, "अर्धं झाका, उरलेलं सांगा." एकदा माझ्या हातातल्या अंकावरच हात ठेवला.

"बाई, बातमीचं उरलेलं असं सांगता येत नाही."

"म्हणून तर मी गणित शिकवते," म्हणत त्या जिना उतरल्याही.

पापडी गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींच्या लुगड्याला त्यांनी भर बाजारात आरसा लावला होता. मावशी खवळल्या. "बाय, लुगडं सोड. खाली पानी हाय."

"मावशी, काठ बघा. आरशात पुरा होतो."

"आन् भाजी कोन घेनार, आरसा?"

बाईंनी दोन जुड्या घेतल्या. आरसा तिथेच विसरल्या आणि धावत परत आल्या.

वर्गात नक्षीवरून भूमिती शिकवायला त्यांना हातमागाचीच साडी लागायची. छापलेली नक्षी नुसती दिसते, विणलेली बोटाला लागते, असं त्यांचं म्हणणं. इमारतीतल्या बायका आधी हौसेने साड्या द्यायच्या. एकीची साडी शाईचा डाग घेऊन परतली, तेव्हापासून सगळ्यांची कपाटं बंद झाली. मुख्याध्यापकांचाही धीर सुटत आला होता. "बाई, हा भूमितीचा तास आहे की साड्यांचा सेल? या वर्षी अभ्यासक्रमाचा भाग मागे राहिला तर नववी काढून घेईन."

बाईंना नववीच हवी होती. त्यातही मागचे बाक. फळ्यावरची भूमिती तिथवर पोचत नव्हती, आणि पुढे टांगलेली साडीही पोचत नव्हती. म्हणून कात्री.

त्या संध्याकाळी त्यांचं दार उघडंच होतं. यजमान विचारत होते, "तुझ्या आईंनी दिलेली होती ना ती?"

"अहो, हा काठ कुठेही कापा, पुढचा दात कुठे येणार ते तुकडा सांगतो. आईची साडी आहे अजून. बाकांवर आहे."

"हळदीकुंकवाला मग बाक नेसून जा."

बाई हसल्या. उरलेल्या साडीची उभ्याने घडी घालू लागल्या. काठ नसल्याने कडा जुळेनात. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा जमिनीवर बसलेलं पाहिलं.

तुम्ही वर्गाबाहेरून गेला असता तर तुम्हाला गोंधळच ऐकू आला असता. मागच्या बाकांवरची मुलं उठून तुकड्याला तुकडा लावून पाहत. "बाई, याचा दात उलटा बसतोय!" "मग फिरव ना, अर्धा फेरा." भाग मात्र मागेच राहिला.

जूनमध्ये नववी दुसऱ्या शिक्षकांकडे गेली. बाईंना पाचवीचं शिवणकाम मिळालं. वर्षभराने त्यांनी नोकरी सोडली, घर विकलं. कुठे गेल्या, याची दोघांनी दोन गावं सांगितली. एकाचीही खात्री करता आली नाही.

२००४ मध्ये वेगळ्याच बातमीसाठी मी त्या शाळेत गेलो. नववीच्या फळ्याच्या वर काठाचे तुकडे ओळीने जोडून लावलेले होते. शिपाई म्हणाला, "बाईंच्या तेव्हाच्या वर्गातल्या पोरांनी शिवलंय, साहेब. बाईंना परत द्यायचं होतं. घरी गेले तर दाराला कुलूप."

मधला एक तुकडा हरवलेला होता. त्या जागी वहीचा कागद होता. कागदावर पेन्सिलने दात काढले होते. दोन्हीकडच्या काठाशी ते जुळत होते.