दोन मुठी जुनी माती

परवा नर्सरीवाल्याने लाल माती, शेणखत आणि कोकोपीट एकत्र कालवलं, त्यातलं ओलसर मूठभर घेऊन दाबलं आणि मूठ उघडली. गोळा झाला, पण बोट लावताच सुटला. "बघा काका, जमलं," तो म्हणाला. माझी बायको, सुमन, अगदी अशीच मूठ दाबून बघायची. तिला जाऊन चार महिने झाले.

तिचा मोगरा कुंडीत मावेनासा झाला होता. काल मी त्याला नव्या मिश्रणात, मोठ्या कुंडीत लावलं. मुळांभोवतीची जुनी माती झाडून काढली आणि कचऱ्याच्या गाडीत टाकली. मग काहीतरी मोठं काम केल्यासारखा चहा प्यायला बसलो आणि आठवलं. कुंडी बदलताना सुमन दोन मुठी जुनी माती राखून ठेवायची आणि नव्यात मिसळायची. "अहो, सगळंच परकं कसं चालेल त्याला?" म्हणायची. मी पेपर खाली न ठेवता हसायचो.

धावत जिना उतरलो. गाडी गेली होती.

माणूस एकदाच जातं असं मला वाटायचं. तसं नसतं. मागे उरलेलं तिचं थोडं थोडं आपणच टाकून देत राहतो, तेही आवरासावर म्हणून. तिच्या चपला, तिची उशी, आता ही माती.

आज मोगऱ्याने मान टाकली आहे. माती मुठीत दाबून पाहिली, छान सुटते. मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलोय. या गॅलरीत त्याच्या ओळखीचा आता मी एकटाच, आणि सुमन असेपर्यंत मी त्याला कधी पाणीसुद्धा घातलं नव्हतं.