मामाकडे निरोप

आफ्रिका हा देश नाही, खंड आहे, हे प्रेमनं जयमालाबाईंना फोनवर कितीदा तरी समजावलं होतं. त्यात वाळवंट आहे, बर्फाचा डोंगर आहे, पलीकडचा काठ दिसू नये एवढं तळं आहे. आणि तो राहतो त्या टांझानियात आपल्या वरवट बकालसारखीच काळी माती नि कापूस आहे. म्हणून तर त्याच्यासारखा खामगावच्या जिनिंगमधला फिटर तिकडं लागतो. इकडून पूर्वी गेलेल्या दुकानदारांमुळं तिथले लोक चपाती खातात आणि तिला चपातीच म्हणतात.

बाई ऐकून घेत. पण टीव्हीवर आफ्रिकेचं नाव निघालं, मग पूर असो की गोळीबार, त्यांच्या हातातलं काम सुटे. ते माह्यापासून लय लांब हाये, असं सांगून प्रेम हसे. एवढं मोठं खंड, आणि त्यात आपलं एकच लेकरू, हे त्याला कसं कळावं?

त्या दुपारी त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. प्रेमच्या नंबरवरून फोन आला. आवाज अनोळखी बाईचा. ती भराभरा काहीतरी बोलली; दोनच शब्द ओळखू आले, आणि तेच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

"मामा. प्रेम. मामा."

फोन कटला. परत लावला, तर लागेना.

जयमालाबाईंनी शेंगा बाजूला सारल्या. वाईट बातमी बाईला थेट कोणी सांगत नाही. आधी तिच्या भावाला गाठतात. नवरा वारला तेव्हा रंगराव असाच धामणगाव बढ्याहून येऊन चपला न काढताच दारात उभा राहिला होता, आणि त्याचं तोंड पाहूनच त्या समजल्या होत्या. आता परमुलखातली बाई प्रेमचा मामा मागत होती. म्हणजे ही रीत तिकडंही होती.

त्यांनी रंगरावला फोन लावला. तुला कोणाचा फोन आला का, एवढंच विचारलं. तो नाही म्हणाला, निघतोच म्हणाला. ते 'नाही' खरं होतं का, याचाच त्या विचार करत राहिल्या. ओसरीवर चटया टाकल्या, आणि आपण माणसं बसायची सोय करतोय हे ध्यानात येताच घाईघाईनं गुंडाळून आत लपवल्या.

रंगराव आला. त्यानं चपला काढल्या, तेव्हा बाईंनी श्वास सोडला. त्याचं पाणी पिऊन होतं न होतं तोच पुन्हा फोन वाजला. या खेपेला व्हिडिओ कॉल. फोन रंगरावनं घेतला.

"हाव, मीच प्रेमचा मामा. बोला."

पडद्यावर डोक्याला रंगीत कापड बांधलेली, जाडजूड बाई होती. तिनं त्याच्या मिशांकडं पाहिलं, नकाराचं बोट हलवलं आणि त्याच्या मागं उभ्या जयमालाबाईंकडं बोट केलं. "मामा प्रेम."

"आता दुसरा मामा कुठून आणू बे?" रंगराव कावला.

तिनं फोन फिरवला. खाटेवर प्रेम होता. गाल बसलेले, हाताला सलाईन.

"माय, हे माही शेजारीण, तुलेच बलावून राह्यली. इकडं आईले मामा म्हणतात. मामा प्रेम, म्हंजे प्रेमची माय."

रंगराव मटकन बसला आणि दुपट्टा तोंडाला लावून हसत सुटला. जयमालाबाई हसल्या नाहीत.

"काय झालं तुले?"

"मलेरिया. उतरला आता."

शाळेत असताना हात मोडला, तेव्हाही तो असाच काही नाही म्हणाला होता. लेक मायला खोटं सांगतो.

"तिच्याकडं दे फोन," त्या म्हणाल्या. मग स्वतःच्या कपाळावर तळवा ठेवून त्यांनी मराठीतच विचारलं, "ताप हाये का वो त्याले अजून?"

त्या बाईनं प्रेमच्या कपाळावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "दवा," एवढंच म्हणाली आणि सावकाश मान हलवली.

त्या मुलखात मान अशी हलवली म्हणजे हो की नाही, कोण जाणे. जयमालाबाई तिच्या डोळ्यांत पाहत राहिल्या. हात तिनं अजून काढला नव्हता.