आईचा डोळा आणि काळी बुरशी

मी नाशिक रोडच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. अकरावीला बुरशीचा धडा असतो आणि तो माझा लाडका होता. ओल्या पावाचा तुकडा डब्यात झाकून ठेवायचा, चार दिवसांनी वर्गात उघडायचा, पुढच्या बाकावरच्या मुली ‘ई’ करून मागे सरकायच्या, की मी सुरू. बुरशी वनस्पती नाही आणि प्राणीही नाही. तिच्यात हिरवं द्रव्य नसतं, म्हणून तिला स्वतःचं अन्न करता येत नाही. तोंडही नसतं. ज्यावर वाढते त्यावरच ती पाचक रस सोडते आणि विरघळलेलं अन्न शोषून घेते. “आपण जेवतो आणि मग पचवतो, ती पचवते आणि मग जेवते,” हे माझं ठरलेलं वाक्य. वर्ग हसायचा, मलाही बरं वाटायचं.

माझं हे सगळं शिक्षण आईच्या कांदे निवडण्यावर झालं. पिंपळगाव बसवंतला व्यापाऱ्याच्या खळ्यावर ती दिवसभर उकिडवी बसून चांगला कांदा वेगळा आणि सडका वेगळा करायची. सडक्या कांद्याच्या सालीखाली काळी भुकटी असते, हात लागला की उडते. ते बुरशीचे बीजाणू. संध्याकाळी आईच्या नाकपुड्या काळ्या असायच्या. याच जातीच्या काळ्या बुरशीकडून कारखान्यात सरबतात घालायचं सायट्रिक ॲसिड करून घेतात, पेनिसिलिनही एका बुरशीचंच आणि पाव फुगवणारं यीस्ट तिच्याच गोतातलं, असं मी एकदा तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, “एवढी गुणाची हाय, तर माझ्या नाकात काय करती?”

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पाटी ओतताना कांद्याच्या वाळक्या सालीची कड तिच्या उजव्या डोळ्याला लागली. खळ्यावर सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येतं, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही, तिनेही नाही. रविवारी मी गेले तेव्हा डोळा लालभडक होता.

“लय खुपतंय गं बाई,” ती म्हणाली. आई दुखतंय असं सहसा म्हणत नाही.

माझ्या पर्समध्ये थेंबांची बाटली होती. सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली. आमच्याकडे उरलेलं औषध टाकून देत नाहीत, फ्रिजच्या दारात ठेवतात आणि लागेल त्याला देतात. आईने फोनवर डोळ्याचं सांगितलं तेव्हाच मी ती घेऊन ठेवली होती. लेबल वाचलं होतं. त्यात स्टेरॉइड आहे हेही मला कळलं होतं, आणि त्याने लाली उतरते एवढंच मला आठवलं. लाली उतरते कारण शरीराचे राखणदारच गप्प केले जातात, हे मी मुलांना परीक्षेसाठी लिहून देते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दिवसातून चार वेळा टाक, असं बजावून मी बाटली तिच्या हातात दिली.

दोन दिवस खरंच बरं वाटलं. “लेकीच्या औषधानं उतार पडला,” असं तिने खळ्यावर सांगितलंसुद्धा. पाचव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, “घरी काही टाकलं होतं का?”

“गुलाबपाणी,” आई चटकन म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

मी सायन्सची मॅडम असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगून बसले होते. आता तोंड उघडायची मला लाज वाटली. डॉक्टरांनी जिवाणूंवरचं औषध लिहून दिलं. बुरशीला त्याचं काही वाटत नाही. आणखी आठ दिवस गेले.

मोठ्या दवाखान्यात बुबुळावरचा ठिपका खरवडून काचपट्टीवर तपासायला घेतला, तेव्हा मी खरं सांगितलं. तिथले डॉक्टर रागावले नाहीत, रागावले असते तर सोपं गेलं असतं. तुम्ही शिकवताच, बघा, असं म्हणून त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. आडव्या भिंतींचे, फांद्या फुटलेले तंतू होते. फळ्यावर मी काढते तसेच, अगदी स्वच्छ. ते कांद्यावरचे की मातीतले, मला ठाऊक नाही. माझ्या आईचा डोळा ते बाहेरच्या बाहेर पचवत होते आणि जवळजवळ दोन आठवडे त्यांची सोय मी करून दिली होती.

दर तासाला थेंब, महिना-सव्वा महिना. काही उपयोग झाला नाही. शेवटी डोळा काढावा लागला.

आता आई माझ्याकडे असते. कॉलनीतल्या बायका विचारतात तेव्हा ती सांगते, “माझंच चुकलं, गुलाबपाणी टाकलं. लेक म्हणत होती डॉक्टरकडं जा.” मी तिथेच बसलेली असते आणि चहा पिते. तिला थांबवावं असं दर वेळी वाटतं, आणि दर वेळी मी थांबवत नाही. स्वतःची अशी चीड मला दुसऱ्या कशानेही येत नाही.

मागच्या महिन्यात शेजारची सून आपल्या मुलाला कडेवर घेऊन आली. पोराचा डोळा लाल होता. “मॅडम, तुमच्याकडे थेंब असतील ना? तुम्हाला त्यातलं कळतं.”

मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून आई म्हणाली, “तिला नको विचारू. दवाखान्यात ने.”

आवाज साधाच होता. सून पोराला घेऊन गेली. मी दार लावून घेतलं आणि आईच्या खोलीत जायला मला बराच वेळ लागला.