खुळखुळ्याचा आवाज

माझ्या धाकट्या भावाला अख्खी गल्ली डॉक्टर म्हणायची. मी खुळखुळ्या म्हणते. लहानपणापासून त्याच्या खिशात स्क्रू, नट, वॉशर असलं काहीबाही भरलेलं; चालला की वाजायचा. पुढे त्याने घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं आणि कॉम्प्युटरचा डॉक्टर झाला, तरी खिसा तोच. त्याची एक पँट धड खिशाची राहिली असेल तर शपथ.

आणि तोंड? तोंडाला फाटकच नाही. गिऱ्हाईक आलं की आधी गिऱ्हाइकाची हजेरी घ्यायचा, मग मशीनची. "चालू होत नाही म्हणून रडताय? आतला माल महत्त्वाचा की डबा?" रस्त्यापलीकडे आणखी एक दुकान होतं. तो दुकानदार कुठल्याही दुखण्यावर एकच औषध द्यायचा: सगळं पुसून टाकायचं आणि ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने घालायची. माझ्या भावाने त्याचं नाव फॉरमॅटवाला ठेवलं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. "ताप आला म्हणून लेकाचा माणूसच जाळतो," असं भाऊ भर रस्त्यात म्हणायचा, त्याला नीट ऐकू जाईल अशा बेताने.

अशा माणसाची नेमकी जीभच जड व्हायला लागली. आधी आम्हाला वाटलं दात दुखत असेल. मग कळलं की स्नायूंचा आजार आहे, तो जिभेपासून सुरू झालाय आणि हातापायांकडे जाणार आहे. डॉक्टरीण बाई चांगली होती, गोल गोल बोलली नाही. म्हणाली, आवाज जाईल, मग हात, मग पाय. बुद्धी मात्र अगदी लख्ख राहील. मी तिला म्हटलं, "बाई, ही चांगली बातमी आहे की वाईट?"

भाऊ रडला नाही. त्याने मायक्रोफोन आणला, कपड्यांच्या कपाटात डोकं घातलं, कारण कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही म्हणे, आणि बोलायला बसला. पुढे लागतील ती सगळी वाक्यं. पाणी दे. पंखा कमी कर. मला दुखतंय. पाठ, मान, गुडघा, सगळे अवयव वेगवेगळे. कुशीवर वळव. नुसती कामाचीच नाहीत, भांडायची, चिडवायचीही. माझ्यासाठी खास एक: "ताई, डोकं खाऊ नकोस." भावजय कपाटाबाहेर पाण्याचा पेला घेऊन उभी असायची आणि आतून शिव्या ऐकून हसायची. जीभ थोडी अडखळायची, पण आवाज त्याचाच होता.

मग हात चालत होते तेवढ्यात त्याने ती वाक्यं वाजवणारं यंत्र बसवलं. पडद्यावर चौकोन, प्रत्येक चौकोनात एक वाक्य. चौकोन एकापाठोपाठ उजळायचे आणि हवा तो उजळला की बोटाखालचं बटण दाबायचं, की ते वाक्य त्याच्या आवाजात बाहेर. अक्षरांचेही चौकोन होते, पण एक शब्द जुळेपर्यंत बोट गळून जायचं, म्हणून ते त्याने सोडून दिले. डॉक्टरीण बाईने हातात धरायचा अक्षरांचा पुठ्ठा दिला होता, डोळ्यांच्या खुणांनी हो-नाही शिकवायला निघाली होती. ह्याने पुठ्ठा कचऱ्यात टाकायला लावला. आपल्या मशीनपुढे दुसरं काही असावं हेच त्याला पटायचं नाही. आणि मशीनला दुसऱ्याने हात लावायचा नाही. भावजयीने धूळ पुसली तरी पडद्यातून ओरडायचा, "ए, हात!"

शेवटी सगळं अंग गेलं, उजव्या हाताचं एक बोट तेवढं राहिलं. आम्हाला मात्र काही अडत नव्हतं. मी गेले की खुर्चीतून आवाज यायचा, "आली भोंगा घेऊन!" मी शिलाईच्या कारखान्यात आहे, मशिनींच्या वर आवाज काढून बोलायची सवय. आमची भांडणं पहिल्यासारखीच चालायची. खोटं कशाला सांगू, तो आजारी आहे हे मी कधीकधी विसरायचे.

एक दिवस सकाळी भावजयीचा फोन आला. "वन्सं, येता का? ह्यांचं बोलणं बंद पडलंय."

गेले तर पडदा काळा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही, असं काहीतरी. आणि डब्यातून आवाज येत होता, टक, टक, टक. भावाचे डोळे मोठे झालेले. बोट सारखं बटणावर आपटत होतं.

"पुन्हा चालू करा म्हणतायत," भावजय म्हणाली.

मलाही तसंच वाटलं. बंद केलं, चालू केलं. टक, टक. बोट आणखी जोरात. "करते रे बाबा, करते!" परत बंद, परत चालू. जेवढं बोट आपटायचं तेवढं आम्ही घाईघाईने बटण दाबायचो. वायर हलवून पाहिली, डब्यावर थाप मारून पाहिली. त्याच्या कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि आम्ही दोघी बावळटासारख्या एकमेकींकडे बघत राहिलो. ह्या घरात ते कसं दुरुस्त करायचं हे कळणारा एकच माणूस, तो समोर बसलेला, आणि त्याला बोलता यायचं ते त्या डब्यातूनच.

भावजयीने पदर खोचला. "मी पलीकडे जाते."

"त्या फॉरमॅटवाल्याकडे? ह्याच्या डोक्यावर मिरे वाटायला आणतेस त्याला?"

"मग तुम्ही करा चालू," ती म्हणाली. माझ्याशी ती अशी कधी बोलली नव्हती.

तो आला. जाडजूड माणूस, दारातच थबकला. इतक्या वर्षांत ह्या घरात पहिल्यांदा आलेला. आवाज ऐकला मात्र, त्याने धावत जाऊन भिंतीतला प्लगच उपटला.

"कितीदा चालू केलं?"

मी बोटांवर मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

"हा आवाज डिस्कचा आहे. आतली सुई चकतीला घासतेय. चालू करावं तितकी ती खरवडते." मग भावाकडे बघून तो हळूच म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही बंद करा म्हणत होतात ना? हो असेल तर बोट एकदा हलवा."

बोट एकदा हललं.

मी भडकले. कोणावर, कळेना. "आम्हाला काय स्वप्न पडलं होतं? एवढा शहाणा, तर बंद करा हे खुणेने कसं सांगायचं ते नको ठरवायला?" भाऊ माझ्याकडे बघत होता. बोलायला काही नव्हतं त्याच्याजवळ. त्याच्याशी भांडायचीसुद्धा सोय उरली नाही हे मला तेव्हा कळलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

फॉरमॅटवाला खाली मांडी घालून बसला होता. "डॉक्टर, उघडू?" असं त्याने विचारलं आणि थांबला. भावाचं बोट बराच वेळ हललं नाही. मग हललं.

त्याने डब्यात नवी डिस्क बसवून ऑपरेटिंग सिस्टीम घातली. ते काम सोपं निघालं. मशीन उठलं, पडदा निळा झाला, भावजयीने हात जोडले. "थांबा ताई," तो तिला म्हणाला, "हे नुसतं घर झालं. सामान जुन्या डिस्कवर आहे."

जुनी डिस्क त्याने वायरीने आपल्या लॅपटॉपला जोडली. "वाक्यांची दुसरी नक्कल कुठे ठेवलीय डॉक्टरांनी?" आम्हाला काय माहीत! त्याने शोधली आणि कपाळाला हात लावला. नक्कल होती, व्यवस्थित, तारीख घालून. ह्याच डिस्कवर, बाजूच्या कप्प्यात. दुसऱ्या डिस्कवर ठेवायची तर कोणालातरी ती जोडायला सांगावी लागली असती, आणि मशीनला दुसऱ्याचा हात लागलेला ह्याला खपत नव्हता. गिऱ्हाइकांना ह्याच चुकीसाठी फाडून खायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पुढचे दोन-तीन दिवस तो माणूस स्वतःचं दुकान बंद ठेवून आमच्याकडे बसला. डिस्क थोडी चालवायची, गार होऊ द्यायची, परत चालवायची. वाक्यांची नावं दिसायची, आत काही नसायचं. काही अर्धीच निघाली. तो एकेक वाजवून बघायचा आणि आम्ही ऐकायचो. "पा—" आणि खरखर. "कुशीवर व—" आणि खरखर. भाऊ खुर्चीत बसून आपलाच आवाज असा तुटताना ऐकत होता. मी म्हटलं, "जरा हळू लावा हो." पण त्याने डोळे मिटले नाहीत, सगळं ऐकलं.

शेवटी डिस्क मोठ्या शहरात, बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवून पाहिली. चकतीच खरवडली गेलीय म्हणून जशीच्या तशी परत आली.

धड निघाली ती तीन वाक्यं. "चहा गार झालाय." "ताई, डोकं खाऊ नकोस." आणि तिसरं फॉरमॅटवाल्याने वाजवलं तेव्हा खोलीत खणखणीत आवाज आला, "त्या फॉरमॅटवाल्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका!"

आम्हा दोघींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र आधी हसला, मग हसता हसता त्याने रुमाल काढला. "हे ठेवूया, डॉक्टर," तो म्हणाला. "पहिल्या चौकोनात."

भावजय कुठल्यातरी एका वाक्याची वाट बघत होती. ते आलं नाही. कोणतं, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "असू दे," म्हणाली आणि उठून वाळत घातलेले कपडे काढायला गेली.

बाकीच्या चौकोनांना आवाज हवा होता. यंत्रातला तयार आवाज लावून पाहिला, तो बातम्या दिल्यासारखं पाणी मागायचा. भावजयीला म्हटलं तू बोल, पण मायक्रोफोन तोंडापुढे आला की तिला हुंदका यायचा. राहिले मी. कपाटात डोकं घालून बसले. हो. नाही. पाणी दे. कुशीवर वळव. मला दुखतंय. अवयवांची नावं मात्र राहून गेली. ती हो-नाहीवर भागतील म्हटलं.

तेव्हापासून माझा भाऊ माझ्या आवाजात बोलतो. माझं सगळं कारखान्यातल्या पट्टीत, "पाणी दे!" असं वाजलं की भावजय दचकते. "एक नणंद काय कमी होती," म्हणते, "आता घरात चोवीस तास दुसरी." हसतो आम्ही. तोही डोळ्यांनी हसतो. पण काही झालं की उत्तराला तो आधी आपल्या तीन वाक्यांत शोधतो. बाहेरगावी असलेल्या त्याच्या मुलीचा फोन आला तरी तिला सांगतो, चहा गार झालाय. ती बिचारी म्हणते, "हो बाबा, मी पण मजेत आहे."

परवा दुपारी गेले तर भावजय औषधं आणायला बाहेर पडलेली. मी चपला काढतेय तोच आतून माझा आवाज आला, "मला दुखतंय."

माझ्या तोंडून हे कधी कोणी ऐकलेलं नाही. मी दुखलं तरी सांगणारी नव्हे. आत जाऊन म्हटलं, "कुठं रे?" मग आठवलं, कुठं ते सांगायला त्याच्याकडे शब्दच नाहीत. मी पायावर हात ठेवला. "इथं?"

चौकोन उजळत गेले. "हो."

गुडघा. "हो." कंबर. "हो." खांदा दाबला, मान धरली. "हो." "हो." प्रत्येक वेळी माझाच आवाज, कारखान्यातला, ठणठणीत. उशी बदलली, कुशीवर वळवलं, तेल चोळलं. डॉक्टरीण बाईला फोन लावला, ती म्हणाली, गोळी दिलीय तेवढीच देता येते. मी परत विचारलं, "आता? आता कमी आहे का? थोडं तरी? सांग ना रे!"

चौकोन एकेक उजळत गेले, हो गेलं, नाही गेलं, सगळे गेले, आणि वरच्या ओळीवर येऊन त्याने बोट दाबलं.

"ताई, डोकं खाऊ नकोस."

त्याचा आवाज. जरासा अडखळलेला, कपाटातला.

"बरं बाबा," मी म्हटलं. "नाही खात." आणि त्याचं ते बोट हातात न धरता, बटणावरच राहू देत, शेजारी बसून राहिले.